हाकेला ओ देणारे यंत्र

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात कला शाखेच्या विद्यार्थ्यांना ‘सी’ ही संगणकाची भाषा शिकण्याची सोय झाली. ‘भाषा’ या शब्दाला भुलून मी नाव घातले. विज्ञान शाखेतील एका मित्राने आपली जुनी वही दिली आणि मी ती पोथीसारखी वापरू लागलो. वहीतला प्रत्येक प्रोग्रॅम दोन ओळींनी सुरू होई. पहिलीत ‘एसटीडीआयओ डॉट एच’ आणि दुसरीत ‘कोनिओ डॉट एच’ अशा दोन फाइलींना ‘इन्क्लूड’ करा, म्हणजे सामील करून घ्या, असे सांगितलेले असे. मग ‘क्लीअरस्क्रीन’ नावाची आज्ञा येई आणि पडदा स्वच्छ होई. पूजेआधी आचमन करावे तसे मी हे सारे न चुकता करीत असे. का करायचे, हे मी विचारले नाही आणि मित्रालाही ते ठाऊक नव्हते.

वार्षिक प्रात्यक्षिकाच्या दिवशी आमची तुकडी शेजारच्या खोलीत बसविली. तेथील संगणकांवर वेगळा कम्पायलर होता. दिलेल्या उताऱ्यातील शब्द मोजण्याचा प्रोग्रॅम मला तोंडपाठ होता. तो मी टाइप केला आणि यंत्राने पहिल्याच दमात नकार दिला. कोनिओ नावाची फाइल सापडत नाही, असे त्याचे म्हणणे. ती ओळ खोडली, तर क्लीअरस्क्रीन म्हणजे काय ते ठाऊक नाही, ही दुसरी तक्रार. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी शांतपणे एवढेच विचारले, की हे नाव तुम्हांला कोणी दिले. मी म्हणालो, वहीने. त्या हसल्या नाहीत, आणि गुणही दिले नाहीत.

आठवड्याने आमच्या सरांनी मला ग्रंथालयात नेले आणि तालिकेचा जुना लाकडी खण ओढून दाखविला. कार्डावर पुस्तकाचे नाव आणि क्रमांक असतो, पुस्तक मात्र आत मांडणीवर असते. ‘सी’ भाषेतील हेडर फाइल म्हणजे असा खण, असे ते म्हणाले. पडद्यावर अक्षरे उमटविणारी ‘प्रिंटएफ’ ही आज्ञा एसटीडीआयओ या फाइलीत लिहिलेली नसते. तेथे असते फक्त तिचे नाव, तिला काय द्यावे लागते आणि ती काय परत करते, एवढी नोंद. प्रत्यक्ष आज्ञावली निराळ्या भांडारात असते, आणि सर्वांत शेवटी ‘लिंकर’ नावाचा प्रोग्रॅम नाव आणि वस्तू यांची गाठ घालून देतो. एसटीडीआयओ हा खण सर्वांनी मान्य केलेला, म्हणून ‘सी’ चालविणाऱ्या सगळ्या नेहमीच्या संगणकांवर तो असायचाच. कोनिओ मात्र काही कम्पायलर करणाऱ्यांनी आपल्या घरापुरता केलेला. शेजारच्या घरात तो नसला तर दोष घराचा नव्हे. जाता जाता सर म्हणाले, की वहीतून उतरवून घेण्याच्या या रोगाशी जिने उभा जन्म झुंज दिली, त्या ग्रेस हॉपर या बाईचे चरित्र वाच. ते मी वाचले. येथे सांगतो आहे ते त्याचेच सार.

ग्रेस ब्रूस्टर मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क शहरी झाला. वडील विम्याच्या व्यवसायात होते. मुलगी सात वर्षांची असताना गजराचे घड्याळ आतून कसे चालते हे पाहण्यासाठी तिने एक घड्याळ उघडले, ते जुळेना म्हणून दुसरे उघडले, आणि असे करता करता घरातली सातही घड्याळे सुटी केली. आईने मार दिला नाही. यापुढे एकाच घड्याळावर हात चालवायचा, एवढी मर्यादा घालून दिली. वडिलांना आजारपणात दोन्ही पाय गमवावे लागले होते. मुलींनीही मुलासारखेच शिकावे आणि आपल्या पायांवर उभे राहावे, हा त्यांचा आग्रह होता.

व्हासार महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या वेळी लॅटिनच्या परीक्षेत ही हुशार मुलगी चक्क नापास झाली आणि तिला एक वर्ष थांबावे लागले, हे वाचून माझ्यासारख्याला किती धीर आला म्हणून सांगू! १९२८ मध्ये गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन त्या पदवीधर झाल्या. १९३० मध्ये येल विद्यापीठाची एम. ए. आणि १९३४ मध्ये गणितातील पीएच. डी. त्यांनी मिळविली. १९३० मध्येच व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे १९४५ मध्ये घटस्फोट झाला, पण हॉपर हे नाव त्यांनी अखेरपर्यंत ठेवले. १९३१ पासून त्या व्हासारमध्येच गणित शिकवीत होत्या. कायमची नोकरी, आवडता विषय आणि वयाची पस्तिशी. पुष्कळांचे चरित्र येथेच संपते.

हॉपरबाईंचे येथे सुरू झाले. डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका युद्धात उतरली. बाईंचे पणजोबा नौदलात अॅडमिरल होते. बाईंनाही नौदलात जायचे होते. वय जास्त आणि वजन ठरलेल्या मर्यादेहून पंधरा पौंड कमी, म्हणून त्यांना नकार मिळाला. पण त्यांनी पिच्छा सोडला नाही. खास सवलत मिळवून डिसेंबर १९४३ मध्ये त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या, प्रशिक्षणात पहिल्या आल्या, आणि जुलै १९४४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात हॉवर्ड आयकेन यांच्या हाताखाली रुजू झाल्या.

तेथे एक अजस्र यंत्र त्यांची वाट पाहत होते. ‘मार्क १’ हे त्याचे नाव. लांबी ५१ फूट, उंची ८ फूट, वजन सुमारे ५ टन. सेकंदाला तीन बेरजा हा त्याचा वेग. आज खिशातला फोन पाहून आपल्याला हसू येईल. पण तेव्हा माणसाला महिने लागणारे गणित हे यंत्र रात्रंदिवस न थकता करी. त्याला दिलेल्या आज्ञा म्हणजे कागदी पट्टीवर पाडलेली भोके. एक भोक चुकले की सारे गणित चुकले. या यंत्राची माहिती देणारा ५६१ पानांचा ग्रंथ १९४६ मध्ये निघाला, तो मुख्यतः हॉपरबाईंच्या हातचा.

माझ्या वहीची खरी पूर्वज येथे भेटते. साइन काढणे, वर्गमूळ काढणे ही कामे निरनिराळ्या गणितांत पुन्हा पुन्हा येत. एकदा तपासून बरोबर ठरलेला आज्ञांचा तुकडा मंडळी आपापल्या वहीत लिहून ठेवीत, आणि दुसऱ्याला लागला की तो त्या वहीतून उतरवून घेई. युक्ती चांगली होती. पण उतरवून घेणारा माणूस होता. पुढच्या काळात, ज्या यंत्रांत प्रत्येक आज्ञेला स्मृतीतला क्रमांक असे, तेथे तर दुहेरी संकट आले. वहीतला तुकडा शून्य क्रमांकापासून मांडलेला असायचा. तो आपल्या प्रोग्रॅममध्ये दोनशेव्या जागी बसवायचा, तर आतल्या प्रत्येक क्रमांकात दोनशे मिळवायचे. हॉपरबाईंच्या लक्षात आले की मोठमोठे गणितज्ञ येथे साध्या बेरजा चुकतात, आणि नक्कल करतानाही चुकतात. घाईत लिहिलेले इंग्रजी ‘बी’ हे अक्षर दुसऱ्याला तेरासारखे दिसे. आणि गंमत अशी, की नक्कल करणे आणि बेरीज करणे हीच दोन कामे न चुकता करणारे यंत्र समोर उभे होते.

एक प्रसिद्ध प्रसंग सांगून पुढे जातो. ९ सप्टेंबर १९४७ रोजी ‘मार्क २’ या यंत्राच्या एका रिलेत पतंग अडकलेला सापडला. सहकाऱ्यांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला, आणि ते पान आजही जपलेले आहे. यंत्रातील दोषाला ‘बग’ म्हणजे किडा म्हणण्याची पद्धत त्याहून जुनी आहे, आणि पतंग बाईंनी स्वतः पकडला असेही नाही. पण त्यांनी ही हकीगत जन्मभर इतक्या रंगवून सांगितली, की ती त्यांच्याच नावावर जमा झाली.

या काळाची दुसरी बाजू लपविण्यात अर्थ नाही. युद्ध संपले, संसार मोडला, हार्वर्डमधील मुदत संपली, तेथे कायमची जागा मिळाली नाही. त्या वर्षांत बाई मद्याच्या आहारी गेल्या. जवळच्या माणसांनी त्यांना स्पष्ट शब्दांत सावध केले. त्या सावरल्या, हे त्यांचे यशच म्हणायचे. चरित्रांत असा भाग आला की आपण पान उलटतो, पण पुढची कामगिरी याच खड्ड्यातून वर आलेल्या बाईची आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

१९४९ मध्ये त्या फिलाडेल्फियाला एकर्ट आणि मॉक्ली यांच्या कंपनीत गेल्या. तेथे ‘युनिव्हॅक’ हा संगणक तयार होत होता. १९५१-५२ मध्ये बाईंनी ‘ए-शून्य’ नावाची एक आज्ञावली रचली. तपासलेले सगळे तुकडे चुंबकीय फितीवर साठवायचे. प्रत्येकाला एक हाकेचा क्रमांक द्यायचा. वापरणाऱ्याने फक्त क्रमांक आणि त्या तुकड्याला पुरवायच्या संख्या लिहायच्या. मग यंत्राने स्वतः फीत शोधायची, तुकडा उचलायचा, आतल्या क्रमांकांची बेरीज करायची आणि सगळे सांधून पूर्ण प्रोग्रॅम हाती द्यायचा. वही बाद झाली. हाक मारायची, यंत्र ओ देते!

यात एक अडचण होती. प्रोग्रॅम पुढे पुढे रचला जात असताना, अजून न आलेल्या भागाकडे उडी मारायची आज्ञा मध्येच आली तर? तो भाग कोणत्या जागी बसेल हे अजून ठरायचे असते. बाईंना कॉलेजातले बास्केटबॉल आठवले. तेव्हाच्या मुलींच्या नियमांत चेंडू घेऊन धावता येत नसे. तो सहकारिणीकडे फेकावा लागे आणि पुढे धावून पुन्हा घ्यावा लागे. त्यांनी स्मृतीत एक तटस्थ कोपरा राखला. अज्ञात जागेकडची उडी आधी त्या कोपऱ्यात टाकायची, आणि खरी जागा कळली की तेथून पुढे पाठवायची. आज ‘सी’चा कम्पायलर हेडरमधील नोंदीवर विश्वास ठेवून जागा रिकामी सोडतो आणि लिंकर ती नंतर भरतो, त्यामागची अडचण हीच आहे.

‘ए-शून्य’ला त्या कम्पायलर म्हणत. आजच्या व्याख्येने ते काम लिंकरच्या जवळ जाते. हेही सांगायला हवे, की इंग्लंडात केंब्रिजला विल्क्स, व्हीलर आणि गिल यांनी त्याच सुमारास अशा तुकड्यांचे भांडार उभे केले होते आणि १९५१ मध्ये त्यावर पुस्तकही काढले होते. मोठ्या कल्पना पुष्कळदा दोन-तीन अंगणांत एकदमच फुलतात.

१९५२ च्या मे महिन्यात पिट्सबर्ग येथील परिषदेत बाईंनी आपला निबंध वाचला. यंत्र फक्त आकडेमोड करते, ते प्रोग्रॅम कसा रचील, अशी तज्ज्ञांची समजूत होती. बाईंनी आणखी पुढचे पाऊल टाकले. व्यापारी माणसाला बीजगणिताची चिन्हे नकोत, त्याला रोजचे शब्द हवेत, म्हणून इंग्रजी शब्दांत आज्ञा घेणारी ‘फ्लो-मॅटिक’ ही भाषा त्यांनी सहकाऱ्यांसह घडविली. प्रयोग दाखविताना त्यांनी तोच प्रोग्रॅम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखविला. यंत्राला भाषा सारख्याच, हा त्यांचा मुद्दा. पण वरिष्ठ बिथरले. फिलाडेल्फियात बनलेल्या अमेरिकन यंत्राला परकी भाषा कशी समजेल? कला शाखेत भाषा शिकणाऱ्या आपणा सर्वांना ही गोष्ट फार आवडेल.

तोवर दुसरेच संकट उभे राहिले होते. प्रत्येक कंपनीच्या यंत्राची बोली निराळी. एका यंत्रासाठी लिहिलेले दुसऱ्यावर चालेना. एप्रिल १९५९ मध्ये काही मंडळी फिलाडेल्फियात भेटली, मेअखेर संरक्षण खात्यात मोठी बैठक झाली, आणि सर्व यंत्रांना चालेल अशी व्यापारी भाषा ठरविण्याचे काम समित्यांकडे गेले. त्यातून ‘कोबोल’ जन्मली. ती एकट्या हॉपरबाईंनी केली हा गैरसमज आहे. जीन सॅमेट आणि इतर अनेकांचे कष्ट त्यात आहेत. बाई सल्लागार होत्या. पण पाया मुख्यतः फ्लो-मॅटिकचाच होता. डिसेंबर १९६० मध्ये जवळजवळ एकच कोबोल प्रोग्रॅम दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखविण्यात आला.

१९६६ च्या अखेरीस, वयाच्या साठाव्या वर्षी, नौदलाने त्यांना निवृत्त केले. सात महिने झाले आणि ऑगस्ट १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी म्हणून परत बोलाविले. ते सहा महिने एकोणीस वर्षे चालले! बोलाविण्याचे कारण आपल्या विषयाशीच निगडित आहे. कोबोल नावाला एक झाली, तरी प्रत्येक कंपनीने तीत आपले चार शब्द घुसडले होते आणि मान्य झालेल्यांपैकी काही गाळले होते. नौदलाच्या एका कचेरीतील प्रोग्रॅम दुसरीत चालेना. बाईंच्या गटाने कम्पायलरची परीक्षा घेणारे प्रोग्रॅम तयार केले. प्रमाण भाषेतील प्रत्येक शब्दाला तो ओ देतो का, आणि ठरलेल्या अर्थानेच देतो का, हे त्यातून दिसे. परीक्षक बाईंनी माझी जी परीक्षा घेतली, तीच हॉपरबाईंनी बड्या कंपन्यांची घेतली, म्हणायला हरकत नाही.

त्यांच्या स्वभावाच्या अनेक कथा आहेत. कचेरीत उलटे फिरणारे घड्याळ टांगलेले असे. नेहमी असेच करतो या सबबीचा त्यांना तिटकारा होता. व्याख्यानाला जाताना त्या सुमारे बारा इंच लांबीचे तारेचे तुकडे नेत आणि श्रोत्यांना वाटीत. एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, वीज जास्तीत जास्त एवढेच अंतर जाऊ शकते, हे हातात धरून कळावे म्हणून. १९६९ मध्ये एका व्यावसायिक संघटनेने त्यांना संगणकशास्त्रातील वर्षाचा उत्कृष्ट ‘पुरुष’ हा सन्मान दिला, यावर काय बोलावे! १९७३ मध्ये त्या कॅप्टन झाल्या, १९८३ मध्ये कमोडोर, आणि १९८५ मध्ये त्या पदाचे नाव बदलून रिअर अॅडमिरल झाले. १४ ऑगस्ट १९८६ रोजी बोस्टनमध्ये ‘कॉन्स्टिट्यूशन’ या ऐतिहासिक जहाजावर त्यांची निवृत्ती साजरी झाली. तेव्हा वय ७९. त्यानंतरही त्या एका संगणक कंपनीच्या सल्लागार होत्या. १९९१ मध्ये त्यांना राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले, आणि १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी इतमामाने त्यांना निरोप देण्यात आला. १९९७ पासून त्यांच्या नावाची एक युद्धनौका अमेरिकेच्या नौदलात आहे.

‘सी’ भाषेत हॉपरबाईंचा हात नाही. ती १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी घडविली. पण तिचाही प्रवास त्याच वाटेने झाला. कम्पायलर वाढले, प्रत्येकाचे खण निराळे झाले, आणि १९८३ मध्ये प्रमाणीकरणासाठी समिती बसली. १९८९ च्या प्रमाणात पंधरा हेडर ठरले. कोणत्या खणात कोणते नाव, त्याचा अर्थ काय, हे लिहून काढले गेले. शिवाय कम्पायलर करणाऱ्यांनाही वेगळी जागा दिली. दोन अधोरेषांनी, किंवा एक अधोरेषा व मोठे अक्षर यांनी सुरू होणारी नावे त्यांची. आपण ती वापरायची नाहीत.

चरित्र वाचून झाल्यावर मी वही मिटली आणि शब्द मोजण्याचा प्रोग्रॅम पुन्हा लिहिला. कोनिओ नाही, क्लीअरस्क्रीन नाही. एक ओळ वाचून घेण्यासाठी माझी स्वतःची छोटी आज्ञावली केली आणि तिला ‘गेटलाइन’ नाव दिले. कर्निगन आणि रिची यांच्या १९७८ च्या प्रसिद्ध पुस्तकात असेच आहे. तरी यंत्र पुन्हा अडले! या वेळी तक्रार उलटी होती : हे नाव आधीच घेतलेले आहे. सरांनी उलगडा केला. युनिक्स पद्धतीच्या संगणकांसाठी ‘पॉझिक्स’ नावाचे आणखी एक प्रमाण आहे. त्यात २००८ मध्ये त्याच नावाची आज्ञा आली, आणि ती एसटीडीआयओ याच खणात ठेवली गेली. म्हणजे खण एकच, पण त्यातली सगळी कार्डे सर्वांना दाखवायची नसतात. फक्त मूळ ‘सी’चे प्रमाण पाळतो असे कम्पायलरला सांगितले, तर जादा कार्डे झाकलेली राहतात आणि माझे गेटलाइन माझेच राहते. पॉझिक्सची नावे हवी असतील तर पहिल्या इन्क्लूडच्या आधी तसे एक ठरावीक चिन्ह लिहून मागणी करायची, मग ती उघडतात. अधिक नावे दाखविणे म्हणजे अधिक उदार होणे, असे मला वाटत होते. पण भांडाराने उघड केलेले प्रत्येक नाव वापरणाऱ्याच्या हातून एक नाव काढून घेते, हे मला त्या दिवशी कळले.

मराठीत ‘शब्द’ म्हणजे बोललेले अक्षर, आणि ‘शब्द’ म्हणजे दिलेले वचनही. हेडर फाइल हे दोन्ही असते. हॉपरबाईंनी चाळीस वर्षे खटपट केली ती यासाठी, की एकाने दिलेला शब्द दुसऱ्याच्या यंत्रावरही पाळला जावा आणि प्रत्येकाने नव्याने वही उतरवीत बसू नये.

माझ्या आज्ञावलीचे नाव मी बदलून ‘ओळवाचा’ असे रोमन लिपीत लिहिले. प्रोग्रॅम आता दोन्ही खोल्यांतील संगणकांवर चालतो. गेलेले गुण परत आले नाहीत; पण मित्राची वही परत करताना कोनिओच्या प्रत्येक ओळीपुढे, हे नाव कोणी दिले ते लिहून ठेवले आहे. पुढच्या वर्षी ती ज्याच्या हाती पडेल, त्याला निदान उत्तर देता येईल.